डोनर, पुरुष, निरोगी

आमच्या कामात माणसाचं नाव लिहायचं नाही, ही पहिली शिस्त. काचेवर कोड, बाटलीवर कोड, आणि रक्त ज्याचं आहे त्याच्याबद्दल कागदावर एवढंच: डोनर, पुरुष, निरोगी, धूम्रपान न करणारा. हाताला तीच सवय लागलीय, म्हणून इथेही कुणाचं नाव येणार नाही. माझ्या भावाला मी धाकटा म्हणेन. घरीही तोच शब्द होता.

मी ठाण्यात, माजिवड्याच्या पुढे, एका खासगी लॅबमध्ये नोकरी करते. औषध, कपड्याचा रंग, कीटकनाशक, शाम्पूतला एखादा घटक, जे काही माणसाच्या अंगाला लागणार किंवा पोटात जाणार, ते बाजारात जाण्याआधी आमच्याकडे येतं. त्याने पेशीतली गुणसूत्रं तुटतात का, हे मी बघते. जनुकीय विषशास्त्र असं त्याचं भारदस्त नाव आहे, पण डोंबिवलीच्या नातेवाइकांना ते कधी उच्चारायलाच जमलं नाही. त्यांच्यासाठी मी 'केमिकलवाली'. एमआयडीसीकडून वास यायला लागला की माझा फोन वाजलाच. "आज काय सोडलंय गं? सेफ आहे ना?" मला काय स्वप्न पडतं? प्लॅस्टिकच्या डब्यात गरम वरण भरलं तर चालतं का, हे मला लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी असताना विचारलेलं आहे. माझं ठरलेलं उत्तर, चाचणी केल्याशिवाय सांगता येत नाही. आणि चाचणी केली तरी आम्ही 'सुरक्षित' असं लिहीत नाही. आम्ही लिहितो, 'या चाचणीच्या परिस्थितीत गुणसूत्रांना इजा आढळली नाही.' ते ऐकलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत.

धाकटा मला विषकन्या म्हणायचा. कुणाशीही ओळख करून देताना, "ही आमची ताई. विष विकत घेते, विष मोजते, आणि डबा घरून नेते." मी त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. तो झाला तेव्हा मी सहावीत होते. आम्ही शहाडला चाळीत राहायचो, बाबा मोहन्याच्या कारखान्यात नोकरीला. आई स्वयंपाकाला लागली की हा माझ्या कडेवर. त्याला कडेवर घेऊनच मी पाढे पाठ केलेत, आणि पुढे मला वाटायचं की त्यालाही ते तेव्हाच पाठ झाले असावेत, कारण अभ्यासाला म्हणून हा पोरगा कधी बसला नाही. दिवसभर उन्हात खेळायचा. शेवटी कल्याणच्या एका शाळेत पीटीचा सर झाला. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि घसा कायम बसलेला.

कारखाना बंद पडला, शहाड सुटलं, डोंबिवलीत फ्लॅट घेतला. बाबांना जुना डायबिटीस होता, त्यात त्यांच्या किडन्या गेल्या. मग कल्याणला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी नोकरीत, धाकटा शाळेत, म्हणून आई बाबांबरोबर जायची आणि पूर्ण वेळ खाटेशेजारी बसून राहायची. एका नळीतून रक्त बाहेर जातंय, मशीनमधून फिरून दुसऱ्या नळीतून परत येतंय. आपण दुधावर नजर ठेवतो ना, उतू जाऊ नये म्हणून, तशी ती त्या नळ्यांवर नजर ठेवून असायची. तिथल्या सिस्टर तिला म्हणायच्या, आजी, घरी जाऊन आराम करा. ती म्हणायची, "आणि परत यायचं थांबलं तर?" बाबा गेले ते झोपेत, घरी. त्यानंतर आई आणि धाकटा दोघंच त्या फ्लॅटमध्ये राहायला लागले. लग्नाचं नाव काढलं की तो शिट्टी वाजवायचा.

आता रक्ताचं सांगते. गुणसूत्रांच्या चाचणीला ताजं माणसाचं रक्त लागतं. तरुण, निरोगी, विडी-सिगारेट नाही, औषध चालू नाही, नुकताच एक्स-रे काढलेला नाही. असा माणूस शोधायला गेलं की मिळत नाही. एक चोरून सिगारेट ओढणारा निघतो, दुसऱ्याचं अँटिबायोटिक चालू असतं. एकदा सगळी तयारी झालेली आणि ठरलेला डोनर तापाने आडवा. मी धाकट्याला फोन लावला. शाळा सुटल्यावर तसाच स्कूटरवरून आला, शिट्टी गळ्यातच. संमतीचा कागद समोर ठेवला तर न वाचता सही करायला निघाला.

"अरे, वाच तरी!"

"तू वाचलंयस ना? मग झालं."

"तसं चालत नाही इथे. वाच."

मग त्याने तो कागद प्रार्थनेच्या तासाला वाचतात तसा मोठ्याने, हात मागे बांधून वाचला. लॅबमधल्या मुली हसून हसून बेजार झाल्या. सुई टोचताना मात्र डोळे घट्ट मिटले. त्यानंतर तो आमचा नेहमीचा डोनर झाला. रक्त दिलं की खाली जाऊन दोन वडापाव खायचा आणि वर मलाच म्हणायचा, "आलेलो तुझ्या कामाला, पैसे तू दे."

त्याच्या पेशी फार देखण्या वाढायच्या. मी काही बहीण म्हणून सांगत नाही, लॅबमधल्या सगळ्यांचं तेच मत होतं. ह्या पेशी बाटलीत आपणहून वाढत नाहीत, त्यांना जागं करावं लागतं, आणि जागं करणारा पदार्थ राजम्यातून काढतात. हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी राजमा-चावल खाऊन नाचतो ते बरोबर आहे तर." मग त्या वाढणाऱ्या पेशींमध्ये तपासायचं रसायन घालायचं आणि त्या ऐन दुभंगताना तिथल्या तिथे थांबवायच्या. त्यासाठी जे औषध वापरतात ते कळलावीच्या कंदातल्या विषाच्या जातीचं. त्यावरही तो बोललाच, "शोभतं हो ताई तुला, कळलावी!" शेवटी ओल्या गार काचेवर वरून थेंब सोडायचा. थेंब फुटतो, पेशी पसरते आणि आतली गुणसूत्रं सुटी होतात. तो थेंब सोडायला हात लागतो. माझा चांगला आहे. जांभळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्याची शेहेचाळीस गुणसूत्रं ऐसपैस पसरलेली दिसायची, एकमेकांच्या अंगावर न पडता. मी मुलींना शिकवताना त्याचीच काच लावायचे.

एका रविवारी आम्ही डोंबिवलीला जेवायला बसलो होतो. आई वाढत होती. तो म्हणाला, "आई, ही ताई माझ्या रक्तात विष कालवते आणि बघत बसते, मी टिकतोय का."

आईने डाव त्याच्या खांद्यावर आपटला. "मेल्या, जेवताना काय बोलावं कळतं का!"

आम्ही दोघं हसलो. पुढे भाजीत मीठ कमी झाल्याचं बोलणं निघालं आणि तो विषय तिथेच संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला.

मग एका हिवाळ्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर काळेनिळे डाग. शाळेत स्पर्धांची तयारी चालू होती, म्हणून थकवा त्याच्यावर ढकलला. मी ते डाग बघितले. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. रक्ताचा कर्करोग, तोही घाईचा. पुढे हाडाच्या मगजाची तपासणी झाली, तिच्यात गुणसूत्रांचा रिपोर्ट असतो. डॉक्टर समजावून सांगायला लागले आणि मी म्हटलं, द्या, मला वाचता येतं. सातव्या जोडीतलं एक गुणसूत्र गायब होतं. पाचव्याचा तुकडा नव्हता. ज्याची शेहेचाळीसच्या शेहेचाळीस मी स्वतः कितीदा मोजली होती, त्याचाच हा रिपोर्ट होता. पुढे काय होतं हेही मला माहीत होतं. मी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि त्याला सांगितलं, "औषधं आहेत, घाबरू नकोस." तो म्हणाला, "तू घाबरलीयस." मेल्याला सगळं दिसायचं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. आमच्याकडे चाचणी नीट चालते आहे ना हे बघायला एका बाटलीत मुद्दाम गुणसूत्रं तोडणारं औषध घालतात. बरीचशी ती कॅन्सरचीच औषधं असतात. हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, असं मी मुलींना ओरडून सांगते. त्याच जातीचं औषध आता त्याच्या शिरेत थेंब थेंब जात होतं, आणि मी शेजारी मोसंबी सोलत बसले होते. तो सलाईनकडे बघून म्हणाला, "बघ विषकन्ये, आता खरंच रक्तात विष. शेवटी तुझी पार्टी जिंकली." हसायचा प्रयत्न केला, पण तोंडात फोड आलेले, हसता येईना.

आई पायाशी बसली होती. ती उठली आणि बाहेर गेली. मी डोळे पुसत मागोमाग गेले. कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला धरून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता कशाला रडतेस? तूच कालवलंस ना?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. अगं आई, ते लॅबमध्ये असतं, बाटलीत असतं, त्याच्या अंगात काही घातलं नाही. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. हळू सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा तर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पेल्यात चहा आणि बशीत चहा घेऊन, पेला म्हणजे तो आणि बशी म्हणजे बाटली, असं करून दाखवलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हं." धाकट्यानेही सांगितलं. "आई, मस्करी केलेली गं मी." तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, डोक्यावर तेव्हा केस नव्हते, आणि म्हणाली, "तू ताईला वाचवतोयस. लहानपणापासून तसाच आहेस." आम्ही दोघांनी हात टेकले.

नवरात्र बसायच्या आधी तो गेला. मी हात धरला होता. एवढंच लिहवतं मला.

त्यानंतर आई माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी दर रविवारी डोंबिवलीला जायचे, ती दार उघडायची, चहा करायची. पण तिच्या बोलण्यातून 'अगं' गेलं. जन्मापासून मी तिची 'अगं' होते. अगं ऐकलंस का, अगं पीठ दळून आण, अगं तुला काही कळतं का. आता ती माझ्याशी बोलताना मला वगळून बोलायची. "चहा ठेवलाय." "गॅसवाला येऊन गेला." "दार लोटून घ्यायचं." परक्या बाईला तरी माणूस 'अहो' म्हणतं. मी मुद्दाम काहीतरी सांडायचे, चुकीचा डबा काढायचे, म्हणजे तरी ओरडेल. ती उठून पुसून घ्यायची. मला तिचा राग यायचा, खूप यायचा. माझा तो भाऊ नव्हता का? त्याला कडेवर मी नव्हतं वाढवलं? परतताना कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की काचा वर करून मी मोठ्याने रडायचे आणि आजूबाजूचे रिक्षावाले बघायचे. भाऊ गेला आणि पाठोपाठ आईही गेली, आणि तिच्यासाठी तर मला सुतकही धरता येत नव्हतं.

आमच्याकडे काचा ठरलेली वर्षं जपून ठेवाव्या लागतात. मुदत संपली की ज्या कंपनीचं काम होतं तिला विचारायचं, आणि ती हो म्हणाली की नष्ट करायच्या. यंदा जी खोकी निघाली त्यांत धाकट्याच्या रक्तावर केलेलं पहिलं काम होतं. कागदावर नाव नव्हतंच. पण मला माहीत होतं. ते थेंब माझ्या हातचे होते.

त्या रविवारी चहा पिता पिता मी आईला सांगून टाकलं. का सांगितलं, ठाऊक नाही. "त्याच्या रक्ताच्या काचा आता फेकून देणार आहेत." ती कपबशी उचलून आत गेली. सोमवारी सकाळी मी ऑफिसला पोचत होते तेवढ्यात तिचा फोन आला. फोन ती स्वतःहून कधीच करत नव्हती.

"कधी फेकणार?"

"ह्याच आठवड्यात."

"बघायचंय."

मी लॅबमध्ये रीतसर विचारलं. क्वालिटीच्या बाई नियमांना फार कडक आहेत, मला वाटलं नाहीच म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "व्हिजिटर म्हणून नोंद करा मॅडम, कंपनीचा कोड झाका, आणि तुम्ही स्वतः बरोबर थांबा."

मी आईला आणायला गेले. इस्त्रीची साडी नेसून ती खाली येऊन उभी होती. गाडीत मागे बसली, मी ड्रायव्हर असल्यासारखी. लॅबच्या दाराशी तिने चपला काढल्या. मी म्हटलं, नको काढूस, वरून कव्हर घालायचंय. तरी तिने काढल्याच. पांढरा कोट तिला घोट्यापर्यंत आला.

तिला गोल स्टुलावर बसवलं. कोडवर पांढरी पट्टी चिकटवून काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. ती काच साधी होती, म्हणजे जिच्यात रसायन घातलेलंच नव्हतं अशा बाटलीतली. आईने आधी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग इतकं जवळ गेली की पापण्याच भिंगाला लागल्या. "काळोख आहे." मी तिचं डोकं धरून जरासं मागे घेतलं. खूप महिन्यांनी मी तिला हात लावला होता. तिने लावू दिला.

"शेवयांचे तुकडे दिसतायत," ती म्हणाली. "जांभळे."

"तीच गुणसूत्रं. त्याची."

"ह्यात तो आजार आहे?"

"नाही. तेव्हा नव्हता. बघ, एकही तुटलेलं नाही."

ती खूप वेळ बघत राहिली. स्क्रू फिरवायचा असतो हे तिला माहीत नव्हतं, त्यामुळे तीच एक पेशी. डोळा न काढता तिने विचारलं, "आणि विष कुठे घालतात?"

मी बाजूच्या कपाटातून रिकामी बाटली काढून तिच्या हातात दिली. अंगठ्याएवढी असते. "ह्यात. रक्त काढलं की ह्यात घालायचं, ह्यातच रसायन टाकायचं आणि उबेला ठेवायचं."

तिने बाटली उलटीसुलटी केली. बुडाशी बोट लावून बघितलं. काहीतरी शोधत होती.

"ह्याला नळी कुठे आहे?"

"कसली नळी?"

"परत घालायची." ती माझ्याकडे बघत होती, हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. "रक्त कालवून झालं की त्याच्या अंगात परत घालायचं ना. तुझ्या बाबांना घालायचे तसं."

कॉरिडॉर, कँटीन, पेल्यातला आणि बशीतला चहा, मी काय काय सांगितलं होतं तिला! बाटलीत असतं, बाहेर असतं, सगळं सांगितलं होतं. पण बशीतला चहा माणूस परत पेल्यात ओततोच की. तिच्या आयुष्यात रक्त अंगाबाहेर गेलं होतं ते फक्त त्या डायलिसिसच्या मशीनपाशी, आणि ते परत येताना तिने स्वतः पहारा देऊन बघितलं होतं. बाहेर काढलेलं रक्त आत घालत नाहीत, हे तिला कुणी सांगायला हवं, असं माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "परत नाही घालत. कधीच नाही. उरलेलं इथेच जाळायला देतो."

"थेंबभरसुद्धा नाही?"

"थेंबभरसुद्धा नाही गं."

ती बाटलीकडे बघत राहिली. मग तिने ती हळूच टेबलावर उभी करून ठेवली, पडणार नाही ना हे बघून.

"मग त्याला ते आलं कुठून?"

मी तोंड उघडलं. अशा प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी उभी नोकरी गेलीय. अशी मोडतोड रसायनानेही होते आणि काहीएक कारण नसतानाही होते, एकट्या माणसाचं सांगता येत नाही, उपलब्ध माहितीवरून निष्कर्ष काढणं योग्य नाही. सगळी वाक्यं तयार होती. एकही बाहेर आलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि तिथेच, मुलींच्या देखत, पांढऱ्या कोटात, हुंदके देऊन रडायला लागले. "रोज शोधते गं. मला नाही माहीत."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावरचं काहीतरी सैल झालं.

"अगं," ती म्हणाली, "म्हणजे तुलासुद्धा ठाऊक नाही? मला वाटायचं, तुला ठाऊक आहे आणि तू सांगत नाहीस."

मी मान हलवली. ते गोल स्टूल एका माणसालाही धड पुरत नाही. आई एका कडेला सरकली आणि तिने मला शेजारी जागा करून दिली.